नाचता येईना, पंख आणा

मुळशी तालुक्यात भूगाव ओलांडून पौडच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना लग्नाची लॉन्स लागतात. एप्रिल-मे महिन्यांतल्या मोठ्या तिथीला या रस्त्यावर गाडी पुढे सरकत नाही, त्यामुळे बघायला वेळ भरपूर मिळतो. फाटकातून आत नजर टाकली की एक गोष्ट ध्यानात येते: लग्नात नाचणारे आहेत तेवढेच आहेत, नाचाचं सामान मात्र वाढलं आहे. नवरीच्या डोक्यावर चार भाऊ फुलांची चादर धरतात, बाजूने थंड ठिणग्यांचे फवारे उडतात, पायाखालून धूर सोडतात आणि रात्रीचे नऊ वाजलेले असले तरी मित्रमंडळींच्या डोळ्यांवर काळे चष्मे असतात. संगीताच्या कार्यक्रमासाठी इव्हेंटवाले जी यादी पुढे करतात, तिच्यात हल्ली बेली डान्सही असतो, आणि त्यातही तलवारीचा, पंखांचा, मेणबत्त्यांचा असे प्रकार. थाळीत पनीर वाढवलं की दर बदलतो, तसा इथे हातातल्या वस्तूप्रमाणे नाचाचा भाव ठरतो. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण पूर्वजांनी केली तेव्हा नाचाला लागणारी बाहेरची वस्तू म्हणजे अंगणच होतं, म्हणून सगळा दोष त्या बिचाऱ्यावर गेला. आता लॉनवाला अंगण सपाट करून, वर हिरवं गवत अंथरून देतो. दोष द्यायला जागाच उरली नाही. तेव्हा नाचता येत नसेल तर हातात काहीतरी घ्यावं, असा नवा तोडगा निघाला आहे.

माझा विरोध वस्तूला नाही, हे आधीच सांगतो. उलट माझं म्हणणं असं की हातात किंवा डोक्यावर वस्तू घेऊन नाचणं हे रिकाम्या हातांनी नाचण्यापेक्षा अवघड असायला पाहिजे. ज्या वस्तूमुळे नाच अवघड होतो, ती नाचाची वस्तू. जिच्यामुळे सोपा होतो, ते डेकोरेशन, आणि त्याचा खर्च मंडपवाल्याच्या खात्यात धरावा. हा निकष लावायला बेली डान्सइतकं सोयीचं उदाहरण नाही, कारण या नाचाएवढा सरंजाम क्वचितच कुठल्या नाचाजवळ असेल: बोटांतल्या छोट्या झांजा, ओढणी, काठी, तलवार, परात, पंख, पंखे, आणि सगळ्यांच्या वरताण म्हणजे शमादान.

शमादान हे अक्षरशः डोक्यावर घ्यायचं मेणबत्त्यांचं झाड. इजिप्तमध्ये लग्नाची वरात निघते तेव्हा नर्तिका पेटत्या मेणबत्त्यांचं हे झाड डोक्यावर घेऊन वधूवरांपुढे चालते, नाचते, गुडघ्यांवर बसते, जमिनीवर पाठ टेकते आणि पुन्हा उठते. खाली पट्टी असते ती कपाळावर घट्ट बसवलेली, वर पितळेचं वजन, त्याच्याही वर ज्योती आणि वितळणारं मेण. आता या नाचाचं मर्म असं आहे की कंबर हलते, पोट हलतं, पण मान आणि खांदे जागचे हलत नाहीत. कंबरेचा मानेशी काडीचाही संबंध नाही, हे सिद्ध करणं हाच सगळा खटाटोप. पण वीस फुटांवर बसलेल्या व्याह्यांना हे कळावं कसं? त्यांना एकंदरीत कोणीतरी हलतं आहे एवढंच दिसतं. शमादान डोक्यावर आलं की पुरावा दाखल होतो. खाली कंबरेचा कल्ला चालला आहे आणि वर ज्योत देवघरातल्यासारखी स्थिर आहे, हे बुंदीचा लाडू खाताखातासुद्धा दिसतं. मान चुकली की ज्योत सांगते, ज्योत कमी पडली तर मेण सांगतं. नर्तिकेने स्वतःच्या डोक्यावर बसवलेला हा परीक्षक आहे आणि तो पेटलेला आहे.

यात परकं असं काही वाटायचं कारण नाही. गोव्यात पेटत्या समया डोक्यावर घेऊन बायका नाचतात, दिवलीचा नाच तिथलाच. पंढरीच्या वाटेवर डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका, त्याला हात न लावता, फुगडीसुद्धा घालतात. देव वेगळा, निमित्त वेगळं, भाव तर फारच वेगळा, आणि यांची एकमेकांशी बरोबरी करायचा माझा मुळीच विचार नाही. मानेचे स्नायू मात्र सगळीकडे तेच आहेत, आणि डोक्यावरची वस्तू पडली तर होणारी फजितीही तीच.

बेली डान्समधली काठी हे याहून गमतीचं प्रकरण आहे. दक्षिण इजिप्तमध्ये पुरुषांचा काठी चालवण्याचा एक खेळ आहे, त्याला तहतीब म्हणतात. युनेस्कोने 2016 साली तो मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. काठ्या लांब, जाड, आणि मूळ हेतू सरळ लढाईचा. बायकांनी हाच खेळ उचलला, काठी बारीक केली, तिला आकडा आणला, आणि पुरुष जिथे डोकं फोडायच्या पवित्र्यात उभे राहत तिथे त्या काठी खांद्यावर ठेवून, बोटांत फिरवून, मध्येच तिच्यावर रेलून उभ्या राहू लागल्या. नवऱ्याच्या शौर्याची टिंगल करावी तर अशी, की त्यानेच टाळ्या वाजवाव्यात.

आणि इथे मुळशीकराला लेझीम आठवली नाही तर नवल. लेझमीची जन्मकथाही शस्त्राचीच आहे. तिरंदाजाच्या दंडात ताकद यावी म्हणून दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेलं धनुष्य ओढायचा सराव असे. ते धनुष्य तालमीत आलं, आखूड झालं, साखळीत चकत्या अडकल्या, आणि एक दिवस कोणाच्या तरी लक्षात आलं की हे हत्यार बाण सोडत नाही पण वाजतं बरं. आज ती दीड-दोन फुटांचा लाकडी दांडा, दोन्ही टोकांना अडकवलेली साखळी, साखळीत लोखंडी चकत्या आणि मध्ये मुठीएवढी पकड, अशी असते. एक हात दांड्यावर, एक पकडीवर. दांडा आणि पकड एकमेकांजवळ आणली की आवाज, लांब नेली की आवाज. म्हणजे गप्प राहण्याची सोय नाही. शाळेत पीटीचे सर 'चार आवाज' शिकवतात, पुढे आठ आवाज, पुढे आघाडी, पवित्रा. सगळ्या प्रकारांत अट एकच, आवाज एक आला पाहिजे. चाळीस मुलं खेळत असली आणि एकोणचाळीस वेळेवर असली, तर एकोणचाळिसांचा मिळून एकच छणक येतो, आणि त्याच्यामागून चाळिसाव्याचा स्वतंत्र छणक येतो. तो पहिल्या रांगेतल्या सरपंचांपासून झाडावर चढलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांना ऐकू जातो. रिकाम्या हातांच्या समूहनृत्यात मागच्या रांगेत लपता येतं, तोंड हसरं ठेवून शेजाऱ्याचं बघून पाय टाकता येतात. लेझमीत लपायला जागा नाही. मुळशी आणि मावळच्या गावांनी जत्रेतल्या छबिन्यापुढे आणि पुण्याच्या गणपती मिरवणुकीत जे ढोल-लेझमीचे खेळ नेले, त्यांची मातब्बरी यातच होती. शहरातली पथकं नंतर आली आणि त्यांनी ढोल ठेवले, लेझीम पुष्कळदा वगळली. ढोलाच्या गडगडाटात एखादं टिपरू उशिरा पडलं तर खपून जातं, हे त्यामागचं कारण असेल असा माझा संशय आहे, पण पुण्याच्या मिरवणुकीविषयी संशय जाहीरपणे बोलून दाखवणं आरोग्याला बरं नाही, म्हणून पुढे जातो.

वस्तूचा मूळचा धंदा तिच्या अंगातून पुरता जात नाही, याचा दाखला ताजा आहे. जानेवारी 2025 मध्ये 'छावा' चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले होते. महाराजांना नाचताना का दाखवलं, असा आक्षेप आला, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य काढून टाकलं. त्या वादाचा निवाडा करायला हा लेख नाही. मला त्यातली एवढीच गोष्ट उचलायची आहे की लेझीम हा नाच की खेळ, असा मतभेद तिथे होऊ शकला. दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती, कारण हातात लेझीम होती आणि लेझमीत धनुष्य अजून शिल्लक आहे. हात रिकामे असते तर चर्चा पहिल्या वाक्यातच संपली असती.

आता शुद्धतावाद्यांचा आक्षेप. ते म्हणतात, कला अंगात असावी लागते, वस्तू म्हणजे सर्कस. नाचणारीने डोक्यावर तलवार ठेवली की प्रेक्षक नाच बघायचं सोडतो आणि तलवार पडते का ते बघतो. हा आक्षेप मुळशीत विशेष वजनदार वाटेल, कारण हा पैलवानांचा तालुका आहे. डिसेंबर 2017 मध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या याच भूगावात झाल्या आणि अभिजीत कटके यांनी चांदीची गदा उचलली. कुस्तीत अंगावर लंगोट, पायाखाली माती किंवा मॅट, आणि हात मोकळे. गदा मिळते ती सगळं झाल्यावर, फोटोपुरती. गदा घेऊन कोणी आखाड्यात उतरत नाही. तेव्हा खरी विद्या रिकाम्या हातांची, असं कोणी म्हणालं तर ऐकायला बरं वाटतं. पण तोच पैलवान पहाटे तालमीत काय करतो ते बघा. मुद्गल फिरवतो, दोरावर चढतो, खांद्यावर जोडीदार घेऊन बैठका मारतो. अंगात जी विद्या दिसते ती वस्तूंनीच आत घातलेली असते. फरक एवढाच की कुस्तीत वस्तू पहाटेच्या अंधारात राहतात आणि नाचात त्या संध्याकाळी प्रेक्षकांसमोर येतात. तलवार पडते का हे प्रेक्षक बघतो, हे खरं. पण ती पडत नाही याचं श्रेय तलवारीला नसून मानेला आहे, हेही त्याला पाचव्या मिनिटाला कळतं. तलवारीच्या धारेला खरखरीत करून किंवा तिच्यावर मेण चोळून ती डोक्यावर घसरू नये अशी सोय नर्तिका करतात, हे कळल्यावर काहींचा विरस होतो. होऊ नये. पैलवानही हाताला माती लावतो, त्याला कोणी लबाडी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. तलवार ही इजिप्तची जुनी परंपराच नाही, हे नंतर चिकटवलेलं आहे, असं अभ्यासू मंडळी सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. फ्रेंच चित्रकार जेरोम याने 1870 च्या दशकात तलवार घेऊन नाचणाऱ्या स्त्रीची चित्रं काढली. पण आज रंगमंचावर दिसणारा डोक्यावरच्या तलवारीचा थाट घडला तो अमेरिकेत. जमीला सलिमपूर यांनी 1968 मध्ये 'बाल अनात' नावाचा संच उभा केला तो कॅलिफोर्नियातल्या एका जत्रेसाठी. जत्रा म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. प्रेक्षक उभा, हातात खायला काहीतरी, शेजारी पोरगं रडतं आहे, समोर दुसरा तंबू हाका मारतो आहे. अशा माणसाला कंबरेचं बारीक काम दाखवून थांबवता येत नाही, तलवारीने थांबवता येतं. नाच माजघरातून रंगमंचावर आणि रंगमंचावरून मैदानात गेला की वस्तू वाढतात, हा साधा हिशेब आहे. कैरोत बदिया मसाबनी यांनी 1926 मध्ये आपलं नाट्यगृह-वजा-उपाहारगृह थाटलं, तेव्हाही हेच झालं. मोठा रंगमंच भरायला हात उंच गेले, ओढणी आली, वाद्यवृंद आला. त्याआधी, 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात, या नाचाने अमेरिकेत खळबळ उडवून दिली होतीच. तेव्हा अस्सल काय आणि चिकटवलेलं काय, हे ठरवायला बसलं तर आपली लेझीमही घरी पाठवावी लागेल, तिचं नाव फारसीतून आलेलं आहे. ताशालाही तिच्या सोबत जावं लागेल.

आणि आपल्याकडची याहून मोठी फसगत तर वरातीतल्या नागीण डान्सची आहे. 1954 च्या 'नागिन' चित्रपटातल्या ज्या पुंगीवर गेली सत्तर वर्षं महाराष्ट्रातले मामा-काका जमिनीवर लोळत आहेत, ती पुंगी पुंगीच नव्हती. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर आणि रवी यांनी हार्मोनियमवर तो आवाज काढला होता. म्हणजे खोट्या पुंगीवर खोटा नाग. तरी नाच खरा असतो, आणि त्याचं कारण रुमाल. नागीण डान्सची सगळी साधनसामग्री एक रुमाल एवढीच आहे. गारुडी झालेला गडी त्याचं एक टोक दातांत आणि एक हातात धरून पुंगी करतो, आणि नाग झालेला गडी त्याच्या पुंगीकडे बघत गुडघ्यांवर येतो. रुमालात स्वतःचं असं काहीच कर्तृत्व नाही. तो चमकत नाही, वाजत नाही, धूर सोडत नाही. त्यामुळे सगळा भार गारुड्याच्या गालांवर येतो. गाल फुगले, डोळे वटारले, मान डोलली तर रुमालाची पुंगी होते. नाहीतर एक घामट माणूस रस्त्यात रुमाल चावतो आहे, एवढंच उरतं. धनगरांच्या गजीनृत्यात हातांत रंगीत रुमाल असतात, तिथेही हीच गोष्ट. रुमाल हवेत लवतो तो मनगटाच्या हिशेबाने, आणि ओळीतलं एक मनगट आळशी असलं तर तेवढा रुमाल सुतकात असल्यासारखा लोंबतो. माझ्या निकषावर रुमाल पैकीच्या पैकी गुण घेतो आणि त्याला भाडं पडत नाही.

पंखांचं मात्र तसं नाही. सोनेरी चुण्यांचं लांबलचक कापड, आत दोन काठ्या, गळ्याशी बांधलेलं. नर्तिका हात पसरते आणि पंख उघडतात. उघडले की टाळ्या, एक गिरकी घेतली की टाळ्या, मिटले की टाळ्या. त्यांना नाव इजिप्तच्या इसिस देवीचं दिलेलं आहे, पण त्यांची वंशावळ देवीपर्यंत पोचत नाही, ती लोई फुलर या अमेरिकन नर्तकीपर्यंत पोचते. तिने 1890 च्या दशकात रेशमाचे प्रचंड घोळ काठ्यांवर फिरवून, त्यांच्यावर रंगीत विजेचे झोत टाकून पॅरिसला वेड लावलं. या बाईंची एक हकिगत माझ्या मुद्द्याला फार उपयोगी आहे. दुसऱ्या एका नर्तकीने तिच्या नाचाची नक्कल केली म्हणून ती न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली. 1892 मध्ये निकाल लागला की या नाचात गोष्ट नाही, कथानक नाही, सबब त्यावर कोणाचा स्वामित्वहक्क लागू होत नाही. मग 1894 मध्ये तिने काठ्या बसवलेल्या त्या पोशाखाचंच पेटंट घेतलं आणि ते मिळालं. कायद्याने नाच ओळखला नाही, काठ्या ओळखल्या. इव्हेंटवाल्यांच्या दरपत्रकाचा पाया तिथे घातला गेला असं म्हणायला हरकत नाही. तरी फुलरबाईंना माझ्या निकषातून नापास करता येत नाही, कारण तो रेशमाचा भार खांद्यांनी तोलून हवेत जिवंत ठेवायचा म्हणजे हाडांची परीक्षा होती. आजचे पंख हलके आहेत आणि नुसते उघडले तरी काम भागतं. ज्यांत बारीक दिवे आणि बॅटरी बसवलेली असते ते तर कहरच. ते पेटवायचे म्हणून लॉनवरचे बाकीचे दिवे घालवतात, अंधारात फक्त पंख दिसतात, आणि त्यांच्या आत नर्तिकेऐवजी लॉनचे मॅनेजर उभे असले तरी पाहुण्यांना पत्ता लागणार नाही. चांगल्या नर्तिका या पंखांतूनही काही करून दाखवतात, हे मान्य. पण मग त्यांनी ते पंखांशिवाय करावं, आम्हाला दिसेल तरी.

ओढणी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते. कैरोच्या सामिया गमाल हिने 1940 च्या दशकात चित्रपटांतून आणि रंगमंचावर ओढणी घेऊन प्रवेश करण्याची रीत लोकप्रिय केली. इजिप्तच्या नर्तिका आजही बहुधा ओढणी घेऊन येतात, एक-दोन फेऱ्यांत ती फिरवून दाखवतात आणि सरळ टाकून देतात. उरलेला वेळ नाच. अमेरिकेत हीच ओढणी गाणंभर फिरत राहिली. मला इजिप्तचा शिरस्ता पटतो. एखादी गोष्ट टाकून देता येते एवढा विश्वास नाचणारीला स्वतःवर असला पाहिजे. शिवाय मुळशीत ओढणी परीक्षा घेते ती निसर्गाच्या मदतीने. उन्हाळ्यात संध्याकाळी ताम्हिणीकडून वारा सुटतो आणि लॉन उघडं असतं. बंद सभागृहात सरावलेली रेशमी ओढणी इथे हातातून सुटली तर थेट जिलबीच्या कढईकडे जायची. वाऱ्याला तोंड देऊन जिने ती तीन मिनिटं हवेत ठेवली तिला माझ्या हिशेबाने पंखवालीच्या दुप्पट मानधन द्यावं.

या सगळ्यावर तिसरा आक्षेप येतो तो सुरक्षेचा, आणि तो सगळ्यात समजूतदार आहे. पेटत्या ज्योती, तलवारी, नायलॉनचे झगे आणि मंडपाचं कापड, यांचा मेळ घालू नये, असं अग्निशमन दलाचा कोणीही माणूस सांगेल. म्हणून शमादानात आता पुष्कळदा बॅटरीवरच्या मेणबत्त्या असतात, आणि यावर नाकं मुरडणारे आहेत. मी त्यांच्यात नाही. मला धोका हवा आहे असा गैरसमज होऊ नये. मला वस्तूचा विरोध हवा आहे. बॅटरीच्या मेणबत्तीने आग काढून घेतली, वजन काढून घेतलं नाही, आणि मान हलली तर झाड कलायचं ते कलतंच. पितळ काढून थर्मोकोलचं शमादान केलं, डोक्याला इलॅस्टिकने बांधलं, की मग माझी तक्रार सुरू होते. बोथट तलवार चालेल, पुठ्ठ्याची चालणार नाही.

मंगळागौरीच्या खेळांत हा सगळा विचार बायकांनी आधीच करून ठेवला आहे आणि त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही. सूप घ्या. सूप धान्य पाखडायला केलेलं, पुढून उघडं, मागून उंच, म्हणजे तोल जन्मतःच बिघडलेला. ते नाचवायचं म्हणजे मनगटात उलटसुलट फिरवत, ठेक्यावर पाय टाकत, शेजारणीच्या नाकाला न लावता. किंवा नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागर फुंकणं बघा. घागर आधी उदाच्या धुरावर धरतात, मग दोन्ही हातांनी तोंडाशी घेऊन तिच्या काठावर तिरकी फुंकर घालत नाचतात. फुंकर सरळ गेली तर घागर मुकी राहते, योग्य कोनात गेली तर घुमते. पायांनी ताल धरायचा, छातीने श्वास राखायचा आणि श्वास नाचून संपत आला असताना त्याच श्वासाने वाजवायचं. कैरोच्या नर्तिकेला बोटांतल्या झांजा वाजवताना कंबर सांभाळावी लागते, तिने ही घागर बघितली तर झांजा खाली ठेवून नमस्कार करील. आता मंगळागौरीचे खेळही माजघरातून उठून हॉलच्या स्टेजवर गेले आहेत, पैसे घेऊन कार्यक्रम करणारे बायकांचे गट आहेत, एकसारख्या नऊवारी आहेत, आणि सुपांना रंग, टिकल्या, वारली चित्रं आली आहेत. माझी याला ना नाही. टिकल्या लावल्या तरी सुपाचा तोल बिघडलेलाच राहतो.

राहता राहिला नवरदेव. त्याच्या हातात कट्यार असते आणि टोकाला लिंबू खोचलेलं असतं. हातात शस्त्र असलेला हा वरातीतला एकटाच माणूस, आणि मित्र त्यालाच उचलून नाचवतात. तो एका हाताने फेटा सांभाळतो, दुसऱ्या हाताने कट्यार कोणाच्या डोळ्यात जाणार नाही असं बघतो, आणि तोंडावर आनंद ठेवतो. त्याला कोणी कलाकार समजत नाही, पण सगळ्या लॉनवर त्या घटकेला वस्तू घेऊन खऱ्या अर्थाने नाचणारा तोच असतो. त्याच्या आजूबाजूला उडणाऱ्या ठिणग्या आणि धूर बटणावर चालतात, त्यांत कोणाचंही काही चुकू शकत नाही. लिंबू मात्र कधीही पडू शकतं.

तेव्हा या हंगामात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना एक विनंती. इव्हेंटवाला यादी घेऊन बसला की प्रत्येक वस्तूपुढे बोट ठेवून त्याला विचारा, ही हातातून सुटली तर काय होईल? 'काहीच होणार नाही, साहेब, एकदम सेफ आहे' असं उत्तर आलं तर ती ओळ खोडा. जे पैसे वाचतील त्यांत घोटावडे, पिरंगुट किंवा पौडच्या बाजूच्या एखाद्या गावातला लेझमीचा संच येऊ शकेल. आणि संच मिळाला नाही, घरातल्याच पोरांना खेळायचं असलं, तर लेझमी जवळच्या शाळेत क्रीडासाहित्याच्या खोलीत असतात. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करावा लागतो.